धबधब्याचा भाडेकरार

व्यापारी घराण्यांच्या चोपडीत प्रवासाला पूर्वापार दोनच खाती असत. एक पेढीच्या कामाचे: मालाची खरेदी, वसुली, नव्या बाजारपेठेची पाहणी. दुसरे यात्रेचे: सम्मेद शिखरजी, श्रवणबेळगोळ, गिरनार, पालिताणा. पहिल्याचा खर्च नफ्यातून वजा होई, दुसऱ्याचा पुण्याच्या बाजूस जमा होई. केवळ पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाला, म्हणजे डोंगर, नदी, धबधबा डोळ्यांत साठवून परत येण्याला, खातेच नव्हते. नव्या पिढीने ते उघडले आहे आणि त्यात मोठ्या रकमाही पडू लागल्या आहेत. मात्र त्या रकमांचा हिशेब कसा मांडावा, याची रीत अजून घराघरांत बसलेली नाही. कोणी सहल म्हणजे उधळपट्टी समजून उंबरठा ओलांडत नाही, तर कोणी एकदा निघालोच आहोत म्हणून हिशेबाची वहीच घरी ठेवून जातो. सांगलीच्या एका दांपत्याने या दोहोंच्या मधली वाट धरली. ती वाट जितकी हिशेबी, तितकीच विचार करायला लावणारी आहे.

गृहस्थ हळदीचे अडते, वय चौसष्ट. त्यांच्या पत्नीने नुकतीच साठी गाठलेली. विवाहाला चाळीस वर्षे झाली, तरी दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे यात्रा आणि नातलगांची लग्नकार्ये, एवढाच. बाईंनी घरखर्चातून वाचवून दहा वर्षे भरलेली आवर्त ठेव मुदत पूर्ण होऊन हाती आली, तेव्हा त्यांनी पतीला सांगितले, “अहो, या पैशांचे दागिने नकोत. एकदा आपण दोघेच कुठेतरी जाऊन येऊ.” नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखी आणि हिमनदी एकाच चित्रात असलेला एक देश त्यांनी पाहून ठेवला होता. तो देश म्हणजे आइसलँड.

याच सुमारास घरात दुसराही एक व्यवहार चालू होता. गावाबाहेरचा दीड एकराचा मळा, सासऱ्यांनी खोदलेली विहीर आणि त्यांच्याच हातची आंब्याची झाडे असलेला, एका बांधकाम व्यावसायिकाने मागितला होता. दर चांगला होता आणि मुलांची संमती होती. सहलीहून परतल्यावर विसार घ्यायचा, असे ठरले होते. बाईंचे मत कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही ते सांगितले नव्हते.

मुलांनी आग्रह धरला तो मोठ्या सहल कंपनीच्या पॅकेजचा: दहा-बारा दिवसांत पाच देश, सोबत स्वयंपाकी, रोज नवे हॉटेल. बाईंना एकच देश हवा होता, आणि गृहस्थांना एकरकमी किमतीच्या पोटात कोणत्या वस्तूला काय पडते हे दिसेना. ज्या बिलात बाबी वेगळ्या दाखवलेल्या नाहीत, त्यावर अडत्याचा विश्वास बसत नाही. म्हणून त्यांनी सहलीचे सुटे भाग मांडून पाहिले. भारतातून आइसलँडला थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी विमान बदलावे लागते, आणि हाच खर्च सर्वांत मोठा. तो टाळता येत नाही, फक्त तिकीट लवकर काढून कमी करता येतो. त्याखालोखाल निवास, मग देशांतर्गत फिरणे, मग अन्न. आइसलँड जगातील महाग देशांपैकी एक आहे. तेव्हा स्वस्त सहल म्हणजे तिथे स्वस्त वस्तू मिळणे नव्हे, अनावश्यक वस्तू वगळणे होय.

फिरण्याचे दोन मार्ग होते. बहुतेक तरुण प्रवासी मोटार भाड्याने घेतात. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, वारा मोटारीचे दार उखडून नेईल इतका जोराचा असू शकतो, आणि मुख्य रस्ता सोडला की खडीचे मार्ग लागतात. चौसष्टाव्या वर्षी ही कसोटी घेण्यात शहाणपण नव्हते. दुसरा मार्ग बसचा. राजधानी रेक्याविक येथे एकच खोली घ्यायची आणि तिथून रोज सकाळी निघून रात्री परतणाऱ्या सहल-बसने जायचे. मोठ्या बसना शहराच्या जुन्या भागात प्रवेश नाही, म्हणून ठरावीक क्रमांकांचे थांबे नेमलेले आहेत. प्रवाशाने आपल्या थांब्यावर वेळेवर उभे राहायचे. निवास बदलत नाही, म्हणून सामान बांधावे लागत नाही. वाहनचालकच बहुधा मार्गदर्शक असतो आणि खिडकीबाहेर जे दिसते त्याची माहिती इंग्रजीतून सांगत जातो. केफ्लाविक विमानतळापासून राजधानीपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटरही त्यांनी टॅक्सीऐवजी बसनेच गाठले.

काटकसर कुठे करू नये, याचीही एक यादी त्यांनी केली होती. पहिली बाब विम्याची. आइसलँड शेंगेन गटात आहे, त्यामुळे व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा बंधनकारक आहे. परंतु बंधन आहे म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेणे म्हणजे छत्रीऐवजी छत्रीचे चित्र घेणे. पूर्वीचे आजार, विमान चुकणे आणि वैद्यकीय कारणाने स्वदेशी परत आणणे, ही तीन कलमे वाचूनच त्यांनी हप्ता भरला. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस ९० युरो आहे. अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही, म्हणून कागदपत्रे अपुरी ठेवणे ही सर्वांत महाग काटकसर ठरते. दुसरी बाब पादत्राणांची. ओल्या खडकावर न घसरणारे बूट दोघांनीही घेतले. तिसरी बाब पावसाची, आणि इथे मात्र स्वस्तातच काम झाले. आइसलँडच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. सांगलीत दुचाकीवर घालायचे दोन रेनकोट मात्र तिथे अखेरपर्यंत टिकले.

पैशांच्या व्यवहारात अडत्याची दृष्टी उपयोगी पडली. आइसलँडचे चलन क्रोना. शंभर क्रोना म्हणजे शंभर रुपयांहून कमी, त्यामुळे किमतीचा आकडा पाहून प्रथम छातीत धस्स होते आणि नंतर थोडा धीर येतो. रोख रकमेची तिथे जवळपास गरज पडत नाही, पावाच्या तुकड्यापासून बसपर्यंत सर्वत्र कार्ड चालते. भारतात मिळणाऱ्या परकीय चलनाच्या कार्डात क्रोना सहसा भरता येत नाहीत. युरो भरले तर वापरताना चलनबदलाचे शुल्क पडते, म्हणून कार्ड निवडण्यापूर्वी ते शुल्क विचारावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुकानातील यंत्र कधी कधी विचारते, रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात? रुपये ओळखीचे म्हणून माणूस रुपये निवडतो आणि तिथेच फसतो. कारण मग दर आपली बँक नव्हे, तर समोरच्या दुकानदाराकडील व्यवस्था ठरवते, आणि तो बहुधा महाग असतो. अशा वेळी नेहमी स्थानिक चलनच निवडावे. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तोही खर्च नव्हे. तो आगाऊ भरलेला कर आहे आणि विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून चालू दर सनदी लेखापालाकडून समजून घ्यावा. मात्र ते श्रेय मागण्याचा विसर पडला, तर तो खराच खर्च होतो.

अन्नाचा प्रश्न जैन कुटुंबासाठी किमतीपेक्षाही मोठा. त्यांनी निवास निवडला तोच सामायिक स्वयंपाकघर असलेला. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, खाकरे आणि दशम्या घरून नेल्या. दुधाचे पदार्थ नेण्यावर निर्बंध असल्याने पेढे आणि तूप मागेच राहिले. रेक्याविकमधील सर्वांत स्वस्त किराणा दुकानांच्या साखळीचे बोधचिन्ह गुलाबी डुकराचे आहे. ते पाहून बाई दारातच थबकल्या. आत मात्र फळे, पाव, ओट आणि भाज्या रास्त दरात मिळाल्या. देश थंड, त्यामुळे मोकळ्या शेतात प्रामुख्याने बटाट्यासारखी कंदमुळेच पिकतात. परंतु भूगर्भातील उष्णतेवर चालणाऱ्या काचगृहांत टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची बारमाही होते, आणि कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांची तिथे सोय होते. पिण्याचे पाणी नळाचेच, थंड आणि निर्मळ, त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर एक क्रोनाही गेला नाही. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीखालून येते.

सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम तिथे वेगळ्याच रीतीने समोर आला. जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. पंचांगाच्या अक्षराप्रमाणे रात्री अकरालाही जेवता आले असते. गृहस्थांनी ही सवलत हसत बोलून दाखवली. बाईंनी घरच्याच घड्याळाचा नेम ठेवला: सायंकाळी सातच्या आत जेवण, मग पाणीही नाही. नियम सूर्याचा असला तरी पाळणारा आपण आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पहिली सहल दक्षिण किनाऱ्याची होती. देशाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा मार्ग धरून बस पूर्वेकडे निघते आणि व्हिक या खेड्यापर्यंत, एका दिशेला १८० किलोमीटरहून अधिक अंतर जाते. डाव्या हाताला एयाफ्यात्लायोकुत्ल हा हिमनदीखालचा ज्वालामुखी दिसतो. एप्रिल २०१० मध्ये त्याच्या राखेने युरोपची विमानवाहतूक कित्येक दिवस बंद पाडली होती. पहिला थांबा सेल्यालांड्सफॉस. आइसलँडच्या भाषेत ‘फॉस’ म्हणजे धबधबा. सुमारे ६० मीटर उंचीवरून पडणाऱ्या या धारेच्या पाठीमागे कपार आहे आणि तिच्यातून पायवाट जाते. पाण्याच्या पडद्याआडून बाहेरचे हिरवे मैदान पाहता येते. गृहस्थ सामान सांभाळत अलीकडेच थांबले. बाई रेनकोट चढवून एकट्या आत गेल्या आणि दुसऱ्या बाजूने नखशिखांत भिजून बाहेर आल्या. “किती मिनिटे लागली?” या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. “तुम्ही जाऊन या, सामान मी पाहते,” एवढेच म्हणाल्या. गृहस्थ गेले, आणि बस सुटायला तीन मिनिटे उरली असताना परतले.

पुढे स्कोगाफॉस, तोही सुमारे ६० मीटर उंच, पण रुंद आणि गंभीर. त्याच्या कडेने वर जाणाऱ्या सुमारे ५०० पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा विचार करून दोघांनी त्या सोडल्या आणि उरलेला वेळ खालीच, तुषारांत उमटणाऱ्या इंद्रधनुष्यासमोर घालवला. ठरलेल्या वेळात सर्व काही पाहून घ्यावे, अशी प्रवाशाची ओढ असते. बसच्या सहलीत ती आवरावी लागते. प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट नीट पाहायची, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी केला.

रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र नियम दुसऱ्याने करून ठेवला होता. षट्कोनी खांबांसारखे बेसाल्टचे खडक आणि कोळशासारखी वाळू पाहण्यासाठी तिथे झुंबड असते. पण या किनाऱ्यावर शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट फार आतपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते. अनेक पर्यटकांचे प्राण तिथे गेले आहेत. धोक्याची पातळी दाखवणारे दिवे आणि फलक लावलेले आहेत. समुद्राकडे पाठ करू नका, हे मार्गदर्शकाने बसमध्येच तीनदा सांगितले. छायाचित्रासाठी चार पावले पुढे गेलेल्या पतीचा हात धरून बाईंनी त्यांना मागे आणले. फुकट मिळणाऱ्या दृश्याची किंमत कधी कधी फार मोठी असू शकते.

दुसरी सहल सुवर्णवर्तुळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मार्गाची. तिचा पहिला थांबा थिंगव्हेट्लिर. इथे उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांमधील भेग जमिनीवर उघडी पडलेली दिसते. दोन्ही बाजू वर्षाला साधारण २ सेंटिमीटर या गतीने एकमेकींपासून दूर सरकत आहेत. याच ठिकाणी इसवी सन ९३० मध्ये आइसलँडची लोकसभा प्रथम भरली, खडकाच्या आडोशाला, उघड्या आकाशाखाली. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. २००४ पासून हे स्थान जागतिक वारसा यादीत आहे.

दुसरा थांबा गेसिरचा. जमिनीतून उसळणाऱ्या उष्ण पाण्याच्या फवाऱ्यांना जगभर जे इंग्रजी नाव आहे, ते या एका झऱ्यावरून पडले. मूळ गेसिर आता क्वचितच उसळतो. शेजारचा स्ट्रोक्कुर मात्र दर सहा ते दहा मिनिटांनी, साधारण १५ ते २० मीटर उंच उसळतो. खोल नळीतील पाणी वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळीच्या बिंदूपलीकडे तापते, मग त्याची एकाएकी वाफ होते आणि ती वरचे पाणी आकाशात फेकते. त्याआधी क्षणभर पाण्याचा निळा फुगा वर येतो. तो ज्याला दिसला त्याला पुढचे कळते.

या झऱ्यांचा मालकीहक्क हीसुद्धा अभ्यासण्यासारखी गोष्ट आहे. १८९४ साली आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातील एका मद्यनिर्मात्याने ही जागा स्थानिक शेतकऱ्यांकडून विकत घेतली, भोवती कुंपण घातले आणि पाहणाऱ्यांकडून पैसे घेणे सुरू केले. पुढे मालक बदलले. १९३५ मध्ये सिगुर्दुर योनासन या आइसलँडच्या नागरिकाने ती विकत घेऊन राष्ट्राला अर्पण केली. तरी प्रश्न मिटला नाही. मुख्य झरे सरकारचे, पण भोवतालच्या जमिनीत खासगी वाटेकरी होते. त्यांनी २०१४ मध्ये माणशी ६०० क्रोना प्रवेशशुल्क लावले. सरकार न्यायालयात गेले आणि शुल्क थांबले. २०१६ मध्ये सरकारने उरलेला हिस्सा खरेदी करण्याचा करार केला. गृहस्थांनी ही हकीकत लक्ष देऊन ऐकली आणि न्याय्य शंका काढली: इतकी माणसे येतात, वाटा झिजतात, स्वच्छतागृहे लागतात. त्याचा खर्च कोणी द्यायचा? शंका खरी आहे. आइसलँडमध्येही तिच्यावर अजून वाद चालतो. काही ठिकाणी वाहनतळाचे शुल्क घेतले जाते, आणि खासगी मालकीच्या केरिड या ज्वालामुखी-विवरापाशी प्रवेशशुल्कही आहे. सोयीचे मोल घेणे आणि दृश्याचे मोल घेणे, यांतील रेषा नेमकी कुठे ओढायची, हाच तो वाद.

तिसरा थांबा गुल्फॉस, म्हणजे सोनेरी धबधबा. लांगयोकुत्ल या हिमनदीचे पाणी घेऊन येणारी ह्वीता नदी इथे दोन पायऱ्यांत, प्रथम ११ मीटर आणि मग २१ मीटर, खाली उतरते आणि एका अरुंद घळीत नाहीशी होते. दुरून पाहणाऱ्याला नदी जमिनीनेच गिळली असे वाटते. उंची एकूण ३२ मीटरच. आपला जोग २५३ मीटरांचा आहे. पण जोगच्या वरच्या अंगाला १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झाले, शरावतीचे पाणी विजेकडे वळले, आणि पावसाळा सरला की तिथली धार क्षीण होते. त्या विजेने घरे उजळली, कारखाने चालले, म्हणून त्या निर्णयाला सरसकट नावे ठेवता येत नाहीत. गुल्फॉसच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

धबधब्याशेजारच्या ब्राटहोल्ट या शेतावर टोमास टोमासन हा शेतकरी राहत असे. १९०७ मध्ये एका इंग्रजाने वीजनिर्मितीसाठी धबधबा विकत मागितला. आपण आपल्या मित्राला विकत नाही, असे सांगून टोमासने नकार दिला, अशी आठवण तिथे सांगितली जाते. पण पुढे धबधबा भाडेकराराने अप्रत्यक्षपणे परदेशी गुंतवणूकदारांच्या हाती गेला. विक्री टळली होती, पण कुळ आत आले होते. टोमासची मुलगी सिग्रीदुर हिला ते मान्य झाले नाही. हा भाडेकरार रद्द व्हावा म्हणून तिने न्यायालयात दाद मागितली. सुमारे १२० किलोमीटर दूर असलेल्या राजधानीला ती या कामासाठी कित्येकदा पायी गेली, असे लोक सांगतात. बांधकाम सुरू झाले तर आपण धबधब्यात उडी घेऊ, असे ती म्हणाल्याचेही सांगतात. अशा कथांत काळाबरोबर थोडी भर पडत असेल. तिचा वकील स्वेन ब्यॉर्नसन मात्र इतिहासातील ठळक व्यक्ती आहे. तोच १९४४ मध्ये आइसलँडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

मार्गदर्शक येथवर आला तेव्हा अडत्याला राहवले नाही. “भाडे किती होते?” त्यांनी विचारले. मार्गदर्शकाला आकडा ठाऊक नव्हता. बाईंचा प्रश्न वेगळा होता: “तिच्या खटल्याचा खर्च कोणी केला?” या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकापाशी होते. तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून वकील दिला होता. बाई काही बोलल्या नाहीत. दहा वर्षे महिन्याच्या महिन्याला हप्ता भरून पैसा कसा साठतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कथेचा शेवट व्यापाऱ्याने ऐकावा असा आहे. सिग्रीदुर खटला हरली. कायदा कराराच्या बाजूने होता. पण न्यायालयाने जे मोडले नाही, ते कुळानेच मोडले: भाडे भरले गेले नाही आणि त्या कारणाने १९२९ मध्ये करार संपुष्टात आला. पुढे धबधबा राष्ट्राच्या मालकीचा झाला, आणि १९७९ मध्ये तो व भोवतालचा परिसर संरक्षित करण्यात आला. सिग्रीदुर १९५७ मध्ये वारली. धबधब्याजवळच्या स्मारकाच्या दगडावर तिची मुद्रा कोरलेली आहे. तिचा विजय झाला असे काटेकोरपणे म्हणता येणार नाही. तिने प्रकरण लांबवले, आणि त्या लांबलेल्या काळात समोरचा पक्ष थकला. ज्यांनी कधी वसुलीचे दावे चालवले आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ चटकन कळेल.

याचा अर्थ आइसलँडने वीज नाकारली असा नव्हे. त्या देशाची जवळपास सर्व वीज जलशक्ती आणि भूगर्भातील उष्णता यांतूनच येते, आणि त्यासाठी इतर नद्यांवर धरणे झाली आहेत. देश चालवायचा तर काही विकावे लागते, काही भाड्याने द्यावे लागते. परंतु विकायच्या वस्तूंची यादी करताना न विकायच्या वस्तूंची यादीही करावी लागते, आणि ती वेळेवर करावी लागते. सौदा झाल्यानंतर केलेल्या यादीचा उपयोग नसतो. प्रत्येक वेळी समोरचा माणूस भाडे चुकवीलच, असे नाही.

घरी परतल्यावर मळ्याच्या विसाराची तारीख जवळ आली होती. बाईंनी विरोध केला नाही, भाषणही केले नाही. सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकदा विहिरीवर बसून जेवावे, एवढीच त्यांनी अट घातली. मुले आली, सुना आल्या, नातवंडांनी ती विहीर पहिल्यांदाच वाकून पाहिली. त्या दिवशी काही ठरले नाही. सौदा मोडला नाही आणि विसारही घेतला गेला नाही. रस्त्याच्या बाजूचे अर्धे क्षेत्र द्यावे आणि विहीर व झाडे ठेवावीत, असा एक पर्याय गृहस्थांनीच काढला आहे. समोरच्याला तो पटेल की नाही, हे अजून सांगता येत नाही. पण बाईंचे मत आता विचारले जाते.

सहलीचा हिशेब त्यांनी तारीखवार लिहिला आहे. त्यावरून इतर कुटुंबांना घेता येण्यासारखे काही आहे. पोहोचण्याचा खर्च आणि पाहण्याचा खर्च वेगवेगळा मांडावा. असे केले की लक्षात येते, जवळपास सारा पैसा पोहोचण्यावर, राहण्यावर आणि खाण्यावर जातो. प्रत्यक्ष धबधब्याला, भेगेला, उसळत्या झऱ्याला जवळपास काहीच पडत नाही. म्हणून काटकसर करायची ती पहिल्या बाजूला: एकच मुक्काम, बसचा प्रवास, स्वतःचे जेवण, नळाचे पाणी. दुसऱ्या बाजूला वेळ द्यायचा, कारण तिथे पैसा देऊन काही वाढत नाही. दहा ठिकाणी दहा मिनिटे उभे राहण्यापेक्षा चार ठिकाणी अर्धा अर्धा तास उभे राहणे, हाच खरा फायद्याचा सौदा. आणि विमा, बूट व समुद्रापासूनचे अंतर, या तीन बाबींवर घासाघीस करू नये.

वहीच्या त्या दिवसाच्या पानावर गुल्फॉसपुढे प्रवेशशुल्काच्या रकान्यात गृहस्थांनी शून्य लिहिले आहे. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. मात्र ते शून्य आपोआप पडलेले नाही. एका शेतकऱ्याने एकदा नकार दिला, त्याच्या मुलीने आपली बचत आणि आयुष्याची कित्येक वर्षे त्या नकाराच्या पाठीशी उभी केली, आणि समोरच्यांनी भाडे थकवले, म्हणून ते पडले. १९२९ साली ते भाडे वेळेवर भरले गेले असते, तर तिथे आज कदाचित वीजगृह असते आणि बस न थांबता पुढे गेली असती.